शिपाई विल्यम्सचा प्रश्न

गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक म्हणजे शिवकाल, हे आपल्या शाळेत ठरलेलंच होतं. त्यामुळे इंग्रजीच्या सरांनी शेक्सपिअरचं ‘हेन्री पाचवा’ काढलं, तेव्हा जिरेटोप पेटीतच राहणार म्हणून आमचं नाट्यमंडळ जरा हिरमुसलं. सगळं नाटक नव्हतंच करायचं. चौथ्या अंकातले दोन प्रसंग सरांनी स्वतः मराठीत उतरवले होते.

गोष्ट सरांनी अशी सांगितली. इंग्लंडचा हेन्री १४१३ मध्ये गादीवर बसला तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा. दोन वर्षांत तो फ्रान्सच्या सिंहासनावर हक्क सांगत समुद्रापार गेला. हार्फ्लर बंदर घेता घेता हगवणीनं निम्मा जीव गेलेली फौज इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले बंदराच्या वाटेला लागली आणि अॅजिनकोर्टपाशी फ्रेंचांचं भलंमोठं सैन्य आडवं आलं. २५ ऑक्टोबर १४१५, सेंट क्रिस्पिनचा दिवस. (ती लढाई ज्यांच्या बाणांनी जिंकली ते तिरंदाज नाटकात जवळजवळ दिसतच नाहीत, हे मला फार नंतर कळलं.)

लढाईआधी सैन्याला धीर देणारं राजाचं ते प्रसिद्ध भाषण वर्गातल्या देखण्या मुलाला मिळालं. टाळ्या त्यालाच पडल्या. माझ्या वाट्याला आला मायकेल विल्यम्स, साधा शिपाई. लढाईच्या आदल्या रात्री राजा अंगावर दुसऱ्याचा झगा घेऊन छावणीत हिंडतो आणि या शिपायांशी बोलत बसतो. विल्यम्स त्याला ओळखत नाही, म्हणून मनातलं बोलतो. युद्धाचं कारण न्याय्य नसेल तर राजाला मोठा हिशेब द्यावा लागेल, तुटलेले हात-पाय-मुंडकी देवाच्या न्यायाच्या शेवटच्या दिवशी एकत्र येऊन ओरडतील. कुणी मागे राहिलेल्या बायकोच्या नावानं, कुणी कर्जाच्या, कुणी उघड्या पडलेल्या पोरांच्या.

तालमीत सरांनी आम्हाला थांबवलं आणि राजाचं उत्तर पुन्हा वाचायला लावलं. राजा म्हणतो, बापानं मालासकट पाठवलेला मुलगा समुद्रात पापी अवस्थेत मेला, तर दोष बापाचा का? प्रत्येकाचा आत्मा ज्याचा त्याचा. “याने उत्तर दिलं का रे?” सरांनी विचारलं. कुणाला बोलता येईना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, त्यानं विचारलं युद्धाचं, हा सांगतोय पापाचं.” सर खूश झाले. संवाद पाठ करण्यापलीकडे नाटक वाचायचं असतं, हे मला तिथे समजलं. पुढे वकिली करताना साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची वेळ आली की ती मुलगी हटकून आठवायची.

हेन्री १४२२ मध्ये मेला, मुलगा जेमतेम नऊ महिन्यांचा, आणि जिंकलेलं फ्रान्स पुढे हातचं गेलं. नाटकाचा सूत्रधार हे शेवटी सांगूनच टाकतो. पण मला जास्त आवडतो तो विल्यम्सचाच शेवट. त्या रात्री दोघांचं भांडण जुंपतं आणि लढाईनंतर निकाल लावायचा म्हणून ते हातमोजे बदलतात. तो झगेवाला राजाच होता हे गुपित फुटल्यावर विल्यम्स राजाला तोंडावर सांगतो, महाराज, तुम्ही साध्या माणसासारखे आलात, दोष तुमचाच. राजा हातमोजाभर नाणी देववतो. वर फ्लुएलिन नावाचा अधिकारी बारा पेनी पुढे करतो, तर हा म्हणतो, तुमचे पैसे नकोत मला.

आमच्या वेळी वेळ संपत आली म्हणून नेमका हाच भाग कापला गेला होता. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात कुणी हे प्रसंग पुन्हा बसवणार असेल, तर हवं तर राजाचं भाषण थोडं आटोपतं घ्या, पण ते बारा पेनी ठेवा.