तुम्ही विचारलेत म्हणून: मैलापाण्यात कोणते औषध टाकता?

नवी मुंबईतील आमचे मलशुद्धीकरण केंद्र पाहायला शाळेची मुले येवोत की सोसायटीचे पदाधिकारी, एक प्रश्न हमखास येतो: एवढ्या मैलापाण्यात तुम्ही टाकता तरी कोणते औषध? तुम्हीही तेच विचारलेत.

औषध जवळजवळ नाहीच. बाहेर पडताना पाण्याला क्लोरीन देतो, पण तोवर खरे काम जिवाणूंनी उरकलेले असते, आणि ते विकत आणावे लागत नाहीत, मैल्याबरोबरच येतात. जाळ्यांनी चिंध्या, प्लास्टिक अडवून रेती खाली बसवली, की पाणी खोल टाक्यांत जाते. तेथे ब्लोअर तळातून हवा सोडतात, लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहिला म्हणजे जिवाणू घाण खाऊन वाढतात, आणि हवा बंद केली की त्यांचे तपकिरी पुंजके त्याच टाकीत तळाला बसून वर निवळ पाणी उरते. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी प्रसिद्ध केलेले या पद्धतीचे मूळ प्रयोगही असेच, एकाच भांड्यात भरून आणि निवळून, केलेले होते.

जिवाणूंची तब्येत आम्ही लिटरभराच्या नळकांड्यात पाहतो. टाकीतले पाणी त्यात अर्धा तास स्थिर ठेवले आणि गाळ बसला नाही, तर काहीतरी बिनसलेले असते. पावसाळ्यात गटारांत पावसाचे पाणी शिरून मैलापाणी इतके पातळ होते, की जिवाणूंची उपासमार होते. भरतीला खाडीचे खारे पाणी फुटक्या वाहिन्यांत घुसले तरी ते मरगळतात. मात्र सर्वांत मोठी धास्ती रात्री मॅनहोलमध्ये चोरून ओतलेल्या रसायनाची असते. म्हणजे औषध टाकतात ते दुसरेच, आणि ते विष असते!

शुद्ध केलेल्या पाण्याचा काही भाग उद्यानांना आणि कारखान्यांना मिळतो, उरलेले ठाणे खाडीत जाते. ते पिण्याजोगे नसते. पण हेच मैलापाणी तसेच सोडले, तर जिवाणूंची जेवणावळ खाडीतच बसेल आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू ते मासळीच्या वाट्यातून काढून घेतील. दिवाळे गावच्या कोळ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ब्लोअरच्या विजेचे बिल पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांना मात्र सांगावे लागते.