तुम्ही विचारलंत म्हणून: शिडाला कापड कोणतं?

सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर होडी लागली की काठावरून विचारणा होतेच, "ताई, हे शीड कशाचं?" फोन करणारेही तिथूनच सुरुवात करतात. कापड कुठलं, किती जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचं), मिळतं कुठं? उत्तर सोपं आहे. ताडपत्री. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर टाकतात, ऊसतोडीच्या खोपींवर असते, तीच. जरा बरी, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत लेप असलेली आणि उन्हाला टिकणारी घ्या, म्हणजे झालं.

पण ताडपत्री कुणीही आणेल. ती कापायची कशी, हे विचारणारे फार थोडे भेटतात आणि मला खरं सांगायचं असतं ते तेच.

सपाट कापड वाऱ्याला नुसतं अडवतं. वारा पाठीमागून असेल तर तेवढ्यावर होडी चालते, चादर बांधली तरी चालते. पण परत यायचं कसं? वारणा पश्चिमेकडून येऊन कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात दुपारनंतर त्याच मोकळ्या पात्रातून वारा येतो. त्याच्या तोंडावर जायचं तर शिडाला पोट हवं. पोट असलेल्या शिडावरून वारा वळून जातो आणि त्या वळण्यातून होडीला ओढ मिळते. होडीच्या कडेला पाण्यात उतरवलेली एक फळी आडवं घसरणं रोखते. मग वाऱ्याशी तिरका कोन धरून, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, होडी नागमोडी वर चढते. अगदी नाकासमोरच्या वाऱ्यात कुठलंच शीड जात नाही, महागडंही नाही.

हे पोट येतं कुठून? ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. सपाट कापडाला टक्स घेतले की गोलाई येते. शिडात तेच काम कडेच्या बाकाने होतं. डोलकाठी सरळ असते आणि तिला बांधायची कड आपण किंचित बाहेर फुगवून कापतो. बांधताना ते जास्तीचं कापड आत ढकललं जातं आणि शीड भरतं.

जास्तीचं म्हणजे किती, इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. माझं शीड त्रिकोणी आहे, डोलकाठीकडे 10 फूट आणि खाली 8 फूट. जिथं त्याची रुंदी 5 फूट भरते तिथं मला साधारण 6 इंच खोल पोट लागतं, म्हणजे रुंदीच्या दहाव्या हिश्शाएवढं. त्यासाठी कापड जेमतेम दीड इंच जास्त लागतं. दीडच इंच! हाताने अंदाजे कापलं तर एवढा फरक सहज गिळला जातो, म्हणून मी गच्चीवर ताडपत्री ताणून वजनं ठेवते, बांबूची लांब कामटी वाकवून खुणांना लावते आणि तिच्या कडेने खडूची रेघ ओढते. बाक सगळ्यात जास्त कुठं हवा? खालून साधारण चार फुटांवर. तिथून वर आणि खाली तो उतरत जाऊन टोकांना शून्य.

आता डोलकाठीचा बांबू. बुरुडाकडून वाळलेला, भरीव निवडून आणलात तरी तो वाऱ्यात वाकणारच. टोक मागे ओढलं जातं, मधला भाग पुढे येतो आणि जेवढा पुढे येतो तेवढा तुमचा बाक खाऊन टाकतो. म्हणून कापायच्या आधी बांबू दोन खुर्च्यांवर आडवा ठेवायचा, मधोमध पाण्याची बादली अडकवायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून तो किती झुकला ते बघायचं. तो आकडा जसाच्या तसा बाकात मिळवत नाहीत, पण बांबू मऊ आहे की ताठ हे कळतं. मऊ असेल तर मी एखादा इंच वाढवते.

ताडपत्रीचे धागे उभे-आडवे असतात. त्या दिशेने ती ताणली जात नाही, उरेब, म्हणजे तिरकी, ओढली की लगेच सैल पडते. शिडाच्या मागच्या कडेला काठीचा आधार नसतो आणि ताण मात्र तिथं भरपूर. तेव्हा ती कड ताडपत्रीच्या सरळ कडेला धरूनच आखायची, आणि इंचभर आत घेऊन कापायची, म्हणजे फडफडत नाही. कापड वाचवायला उरेब कापलेलं शीड थोड्याच दिवसांत मागून लोंबायला लागतं. मग त्याला काही इलाज नाही.

शिवणाचं फार सांगत नाही. ताडपत्री मशीनखाली सरकते, म्हणून आधी दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा. धागा पॉलिस्टरचा, टाके लांब. जवळजवळ घातले तर भोकांच्या ओळीतूनच फाटतं. कडेला नवार. तिन्ही कोपऱ्यांना तीन-चार थर आणि रिंगा सीट कव्हरवाल्याकडून दाबून घ्या. सगळा जोर कोपऱ्यांवर येतो, तिथं काटकसर नको.

मांजरपाटाचं का नाही, असंही विचारतात. दिसायला फार सुंदर. पण भिजलं की ताणतं, ओलं गुंडाळलं की कुजतं. ताडपत्रीचा वैरी ऊन. काम झालं की गुंडाळून सावलीत ठेवलीत तर ती चांगली साथ देते, आणि तडकायला लागली तरी आखणीची मापं आपल्याकडे असतातच. म्हणूनच पहिलं शीड ताडपत्रीचं करा असं मी आग्रहाने सांगते. बाक कमी-जास्त करून बघायला मन धजतं.

शीड धरायची दोरी मात्र होडीला कधीही बांधू नका, हातातच ठेवा. कृष्णेचं पात्र खोल आणि काठ उंच, त्यामुळे वारा अडत अडत येतो आणि मोकळी जागा आली की एकदम थपडा मारतो. तशी थपड आली की दोरी सोडायची. शीड रिकामं होऊन फडफडतं आणि होडी सरळ होते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय उतरायचं नाही आणि पावसाळ्यात नदीला पाणी चढलं की शीड घरातच ठेवायचं.