मुकादमाची परवानगी आणि बाईची संमती : नैतिकता समितीपुढील माझा अनुभव

मी सांगलीत सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते. ऊसतोडीच्या हंगामात वाळवा तालुक्यात येणाऱ्या स्त्रियांमधील रक्तक्षय आणि पाळीच्या दिवसांतील त्यांचे काम हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेऊन हिमोग्लोबिन तपासायचे आणि सुमारे पाऊण तास मुलाखत घ्यायची, एवढेच या अभ्यासाचे प्रत्यक्ष स्वरूप आहे. तरीही संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळाल्याशिवाय एकाही स्त्रीशी अभ्यासासाठी बोलता येत नव्हते आणि ते योग्यच होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही मान्यता काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी लागते, मागील तारखेने ती मिळत नाही. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होत असल्यामुळे अर्ज पावसाळ्यातच द्यावा लागतो. अशा विषयावर काम करू इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

अर्जासोबत संशोधन आराखडा, प्रश्नावली, इंग्रजी व मराठीतील माहितीपत्रक आणि संमतीपत्र, खर्चाचा तपशील, माझी व मार्गदर्शकांची माहिती, अशी कागदपत्रे द्यावी लागली. जोखीम किरकोळ असेल तर प्रस्तावाचे त्वरित परीक्षण होऊ शकते, परंतु स्थलांतरित मजूर स्त्रिया हा असुरक्षित गट मानला जात असल्याने माझा प्रस्ताव पूर्ण समितीपुढे जाईल, असे सदस्य सचिवांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. अशा समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि सर्वसामान्य नागरिकांचा प्रतिनिधी असतो आणि किमान पाच सदस्य हजर असल्याशिवाय निर्णय होत नाही.

वैद्यकीय सदस्यांचे प्रश्न मला अपेक्षित होते. सुई निर्जंतुक आहे का, उपकरणाची अचूकता किती, नमुन्याचा आकार कसा ठरवला, या साऱ्यांची उत्तरे तयार होती. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र नागरिकांच्या प्रतिनिधी म्हणून बसलेल्या निवृत्त शिक्षिकेने विचारला. ‘या बाईला तुम्हाला नाही म्हणायचं असेल, तर ते तिला कोणाकोणासमोर म्हणावं लागेल?’

ऊसतोडीची व्यवस्था ज्यांना माहीत आहे त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, हंगामाआधीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि ती फिटेपर्यंत दोघेही मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराला, बांधलेले राहतात. एक दिवस काम चुकले की खाडा धरून पैसे कापले जातात. बाईची झोपडी, म्हणजे कोपी, टोळीच्या इतर कोप्यांना लागून असते, त्यामुळे तिच्याकडे कोण आले आणि किती वेळ बसले हे सर्वांना दिसते. अशा ठिकाणी मुकादमाने ‘या ताईंना माहिती द्या’ असे सांगितले की बाईच्या होकाराला काय अर्थ उरतो? कायद्याच्या जाणकार सदस्यांनी याच संदर्भात २००९-१० मधील एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्धच्या) लस प्रकल्पाची आठवण करून दिली. तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प सरकारने थांबवला आणि पुढे संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याने त्या माणसाच्या वतीने होकार द्यावा, हा तोच प्रकार आमच्या उसाच्या फडावरही सहज घडू शकला असता.

प्रस्ताव सुधारणांसह पुन्हा सादर करण्यास सांगण्यात आले. समितीचा शेरा इतकाच होता की नकार सुरक्षित राहील अशी पद्धत मांडावी. ती कशी मांडायची हे मात्र मलाच ठरवायचे होते आणि या संपूर्ण प्रक्रियेतील खरे काम तेच होते.

मुकादमाची आणि कारखान्याच्या शेती विभागाची परवानगी फक्त वस्तीवर प्रवेश करण्यापुरती घ्यायची, कोणती स्त्री सहभागी झाली याची यादी त्यांना कधीही द्यायची नाही, हे पहिल्यांदा लिहिले. तेवढ्याने भागणार नव्हते, कारण नकार देणारी स्त्री नुसत्या नजरेनेही ओळखू येते. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी अभ्यासापासून वेगळी काढली. वस्तीवरील ज्या स्त्रीला हवी तिची तपासणी करायची, प्रत्येकीशी एकांतात सारखाच वेळ बोलायचे आणि त्या वेळेत जिने संमती दिली तिचीच मुलाखत व नोंद अभ्यासात घ्यायची. जिने नकार दिला तिला त्या वेळेत आहार आणि लोहाच्या गोळ्यांविषयी माहिती द्यायची. बाहेरून पाहणाऱ्याला या दोघींत फरक दिसत नाही. यामुळे खर्च आणि कष्ट दोन्ही वाढले, पण या अभ्यासात मी सर्वांत ठामपणे कशाची बाजू घेईन तर ती याच तरतुदीची.

पैशांचा प्रश्नही अवघड होता. बुडालेल्या मजुरीची भरपाई देणे मार्गदर्शक तत्त्वांना मान्य आहे, मात्र रक्कम आमिष ठरेल इतकी नसावी. मला रोख रक्कम नकोशी वाटली, कारण ती नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या हाती जाण्याची शक्यता होती आणि मग होकारासाठी दबाव आला असता. मजुरी बुडणारच नाही अशा वेळा निवडण्याचा पर्याय समितीने स्वीकारला. ऊसतोड पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि परतल्यावर स्वयंपाक, पाणी, मुले हे सारे बाईच्याच वाट्याला येते, त्यामुळे अशा वेळा थोड्याच मिळतात. काम लांबले तरी चालेल, असे मी मार्गदर्शकांना स्पष्ट सांगितले.

तपासणीत दोष आढळला तर पुढे काय, याचे उत्तर आकड्यांत द्यावे लागले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यायची, ते अनुक्रमे ८ आणि ७ ग्रॅमच्या खाली असेल तर त्याच दिवशी तिला रुग्णालयात पोहोचवायचे आणि वाहनाचा खर्च प्रकल्पातून करायचा. रक्त तपासून कागदावर आकडा लिहायचा आणि निघून जायचे, हे परिचारिकेला शोभणारे नाही.

सर्वांत जास्त चर्चा वयावर झाली. या वस्त्यांवर अठरा वर्षांखालील विवाहित मुली असतात, हे साऱ्यांना ठाऊक आहे. त्यांना अभ्यासात घेतले तर विवाहातील शरीरसंबंधही गुन्हा ठरत असल्याने, बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक ठरते, म्हणजे गोपनीयतेचे वचन पाळता येत नाही. त्यांना वगळले तर ज्यांच्या शरीरावर सर्वाधिक ताण आहे त्यांचीच नोंद होत नाही. अखेरीस अभ्यास अठरा वर्षांवरील स्त्रियांपुरता ठेवला. त्यांनीही बोलता बोलता एखाद्या अल्पवयीन मुलीविषयी सांगितले तर मला गप्प राहता येणार नाही, हे माहितीपत्रकात आधीच स्पष्ट लिहिले. तपासणी आणि उपचाराची चिठ्ठी मात्र वयाची अट न ठेवता सर्वांना खुली राहिली. या तडजोडीने माझे समाधान झालेले नाही.

मान्यता आल्यावर फडावरची संमती कागदावर लिहिल्याप्रमाणे घ्यायला वेळ लागला. काही टोळ्या बंजारा होत्या, काही स्त्रिया जत तालुक्यातून आलेल्या आणि घरी कन्नड बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे माहिती त्यांच्या बोलीत सांगणाऱ्या सहायक स्त्रिया सोबत घेतल्या. माहिती एका संध्याकाळी सांगायची आणि संमती दुसऱ्या दिवशी विचारायची, असा क्रम ठेवला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचा अंगठा घेताना टोळीशी संबंध नसलेली एक साक्षर साक्षीदार हजर असे. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असायचा, ‘यानं आमच्या उचलीला काही धोका नाही ना?’ अनेकींनी नकार दिला. त्यांची कारणे मी विचारली नाहीत, कारण नकाराला कारण द्यावे लागू नये, हेही माहितीपत्रकात लिहिलेले होते.

वार्षिक अहवालासोबत मी समितीला एक विनंती केली आहे. विशिष्ट समुदायावरील प्रस्तावासाठी त्या समुदायातील व्यक्तीला बैठकीस निमंत्रित करण्याची सोय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पुढील हंगामाच्या सुधारित आराखड्यावर चर्चा होईल तेव्हा पूर्वी ऊसतोड केलेल्या एका स्त्रीला बोलवावे, तिचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी संस्थेने द्यावी आणि अल्पवयीन मुलींचा प्रश्न तिच्यासमोर पुन्हा मांडावा, असे मी त्यात लिहिले आहे. अध्यक्षांनी हा विषय पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत घेतला आहे.