पाऊस घटला की माती कमी वाहते?

नदीच्या गाळाविषयी बोलायला लागलं की कुणीतरी हमखास विचारतं, "पाऊस कमी झाला तर माती कमी वाहून जात असेल ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही. दख्खनात तरी उलटंच घडलेलं दिसतं, आणि त्याचा पुरावा आहे थेट बंगालच्या उपसागरात.

2006 साली गॅस हायड्रेट (समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेला ज्वलनशील वायू) शोधायला आलेल्या 'जॉइडेस रेझोल्युशन' जहाजाने गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातून गाळाचा स्तंभ उपसून काढला. त्याचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. थराचं वय सूक्ष्मजीवांच्या कवचांतल्या कार्बन-14 वरून काढतात. माती कुठली, हे खडकांतलं निओडिमियम नावाचं मूलद्रव्य सांगतं, आणि मला सगळ्यात भारी वाटतो तो हाच भाग! आपला दख्खनचा काळा पाषाण जेमतेम 6.6 कोटी वर्षांचा, तर गोदावरीच्या खालच्या खोऱ्यातले बरेच खडक अब्जावधी वर्षांचे. त्यामुळे दोन्हींतलं निओडिमियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण वेगळं असतं, आणि खडकाचा चिखल झाला तरी ते फारसं बदलत नाही.

सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून मान्सून क्षीण होत गेला, हे पानांवरच्या मेणाच्या अवशेषांवरून कळतं. त्याच काळात गाळ मात्र वाढला, त्यात दख्खनचा वाटाही वाढला. शिवाय गाळासोबत आलेला जमिनीवरचा कार्बन त्या थराहून जुना निघाला. म्हणजे नुसता वरचा पालापाचोळा येत नव्हता, खालची जुनी मातीही खरवडली जात होती.

कारण सरळ आहे. पावसाची बेरीज घटली तरी सरी जोरकसच राहतात. घटतं ते गवत आणि झाडोरा. उघड्या रानावर आपटलेलं पाणी ओघळी पाडतं, ओघळींच्या घळी होतात. संगमनेरकडे प्रवरेकाठच्या घळी बघितल्यात, तर हे चित्र सहज डोळ्यांसमोर येईल.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे शेतीनेच वाट लावली?" प्रवरेकाठी जोर्वे, दायमाबादला ताम्रपाषाण काळातली शेतकरी गावं होती, हे खरं. पण गाळाच्या या नोंदीत आधी हवामान कोरडं झालेलं दिसतं. शेतीने, विशेषतः पुढे लोहयुगात ती पसरल्यावर, त्यात भर घातली. सगळा दोष नांगराच्या माथी मारणं मला पटत नाही.

आता तर बराचसा गाळ जायकवाडीसारख्या धरणांतच अडतो. या शतकाचा हिशोब मांडायचा तर समुद्राइतकंच जायकवाडीच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या तळाशीही खोदावं लागेल.