उधाणाची सुकती आणि आंब्याची पिकअप

मे महिन्यात पौर्णिमा रविवारी आली की खाडीतल्या फेरीबोटीवर गाड्या चढवणारे आम्ही रॅम्पवाले सकाळपासूनच ताणात असतो. सुट्टी संपवून परतणाऱ्यांची रांग संध्याकाळी लागते आणि उधाणाची सुकती, म्हणजे मोठी ओहोटीही नेमकी तेव्हाच. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास भरती पुरी होते आणि पाच-साडेपाचला पाणी पार खाली जातं. एरवी पाण्याखाली असलेला रॅम्पचा तळ उघडा पडतो. तिथे नुसतं शेवाळ. चप्पल घालून धड उभंही राहवत नाही.

दापोलीकडचं दाभोळ ते गुहागरकडचं धोपावे ही गाड्या नेणारी फेरी २००३ साली सुरू झाली. वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ इथेही अशीच सोय आहे. गावात या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. अशाच एका खाडीवर मी गाड्या चढवतो, उतरवतो.

गाड्या घेताना ही बोट धक्क्याला बांधत नाहीत. पुढचं लोखंडी दार रॅम्पवर पाडायचं आणि सारंगाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, इंजिन पुढे रेटत बोट तिथेच धरायची. ओहोटीत पाणी सरकत राहतं, जास्त रेंगाळलं तर बोट बुडाला टेकते. म्हणून आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, मग चढायचं. आणि चढणीवर गाडी थांबवायची नाही.

अशाच एका रविवारी संध्याकाळी बोट लागायच्या आधीच रांगेतली पहिली गाडी अर्ध्या रॅम्पपर्यंत खाली आली. तिच्या मागे दुसरी, तिसरी. मी हात दाखवत होतो, पण "आमचा पहिला नंबर आहे" एवढंच उत्तर. दार पडलं आणि बोटीतून आंब्याच्या पेट्या भरलेली पिकअप वर निघाली. समोर वाट नाही म्हटल्यावर ड्रायव्हरला थांबावंच लागलं, तेही बरोबर शेवाळावर. त्याने पुन्हा रेस दिली तशी मागची चाकं जागीच फिरू लागली आणि गाडी वीतभर मागे घसरली. मागे बोटीचं दार, दाराच्या दोन्ही बाजूंना पाणी.

"रेस सोड! ब्रेक दाबून धर!" मी ओरडलो. आमच्या पोराने मागच्या चाकांना दगड लावले. सारंगाला बोट मागे घ्यायची होती, बूड घासल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. पण दार हललं असतं तर पिकअपच्या मागे उघडं पाणी आलं असतं. त्याने इंजिन तसंच रेटून धरलं. त्या माणसाची हिंमत मी विसरणार नाही.

वर वेगळाच गोंधळ. गाडीला गाडी चिकटलेली, त्यामुळे शेवटच्या गाडीपासून एकेक मागे घ्यावी लागली. मासळीच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या दोन मावश्यांनी पाट्या बाजूला ठेवल्या आणि त्याच रांगेला दटावत मागे हटवू लागल्या. आम्ही चाकांपुढे वाळू टाकली, त्यावर गोणपाटं अंथरली. वाट मोकळी झाल्यावर ड्रायव्हरला सांगितलं, पहिला गिअर, हळू, मधे थांबू नकोस. गोणपाटं मागे भिरकावत पिकअप वर गेली. सारंगाने लगेच बोट ओढून घेतली.

पुढची खेप पाणी वळून थोडं चढल्यावरच लागली. तोवर अंधार पडला. त्या पहिल्या गाडीवाल्यांनी स्वतः येऊन विचारलं, काय करू? मी म्हटलं, घरच्यांना आधी चालत पाठवा, हेडलाइट बंद ठेवा, नाहीतर सारंगाच्या डोळ्यांवर येतात. उतारावर कचकन ब्रेक मारू नका. त्यांनी तसंच केलं.

बोट नसली आणि चिपळूणवरून फिरून जायचं तर दापोली-गुहागर शंभरावर किलोमीटर पडतं. शिवाय या बोटींवर रोज रुग्ण, विद्यार्थी, मासळीवाल्या अवलंबून असतात. म्हणून आता सुकतीला मी रॅम्पच्या माथ्यावर साखळी लावतो. कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी बोट रिकामी होईपर्यंत ती सोडत नाही.