भरतीच्या वेळी सीवूड्सचे पाणपक्षी

पहिल्या खेपेस पहाटे उठून नवी मुंबईतील नेरुळ गाठले तेव्हा नेमकी ओहोटी होती आणि ठाणे खाडीच्या पार टोकाला दिसणारी एक गुलाबी रेघ, एवढेच रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पदरी पडले. म्हणून यंदा जानेवारीत द्वादशीचा दिवस निवडला. कोकणात तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती मानतात. त्या हिशेबाने द्वादशीला नऊ वाजतात. हिशेब ढोबळ असल्यामुळे भरतीचे कोष्टक मात्र पाहून घ्यावे.

सीवूड्स-दारावे स्थानकावरून रिक्षाने एनआरआय या निवासी संकुलाशी उतरलो. खाडीतील चिखल पाण्याखाली गेला की तेथे चरणाऱ्या पक्ष्यांना उभे राहायलाही जागा उरत नाही आणि ते टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातील उथळ पाण्यात विसाव्याला येतात. शेकाटे आधीपासूनच होते. आठनंतर पाणटिवळ्यांचे थवे एकदम वळण घेत उतरले, मागोमाग तुतवार आणि चिखले आले (लहान तुतवारांच्या जाती मला आजही खात्रीने ओळखता येत नाहीत). रोहितांमध्ये संख्या छोट्या रोहितांची जास्त होती. त्यांची गडद लाल चोच दुरून काळीच वाटते, तर मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी असून फक्त टोक काळे असते. उंचीपेक्षा ही खूण भरवशाची. साडेदहानंतर पाणी उतरू लागले आणि अर्ध्या तासात बहुतेक थवे खाडीकडे परतले.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीलाही भरतीचेच पाणी लागते, त्यामुळे एका दिवसात दोन्ही साधण्याचा खटाटोप करू नये. बोटीतून रोहित जवळून दिसतात, काठावरून जाती अधिक दिसतात. नवख्याने आधी काठ निवडावा आणि बोट फेब्रुवारी-मार्चसाठी, रोहितांची संख्या वाढल्यावर, ठेवावी. बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

सकाळी वसाहतीच्या बाजूने उभे राहिल्यास ऊन पाठीशी राहते. सावली नाही, तेव्हा टोपी व पाणी हवेच. ८×४२ची दुर्बीण पुरते. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, परंतु ही विसाव्याची पाणथळ जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. फोटोसाठी पाण्याच्या कडेपर्यंत उतरू नये, कारण भर भरतीत उठवलेल्या थव्याला जवळपास दुसरीकडे टेकायला जागा मिळणे कठीण असते.