पट किती? न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बजेटचा माझा अनुभव

मार्च २०२४च्या पहिल्या आठवड्यात आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथली सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, सुपरिंटेंडंटची (प्रमुखाची) ईमेल आली. राज्याकडून येणारी मदत यंदा कमी झाली आहे, त्यामुळे काही पदांचा फेरविचार करावा लागेल, एवढंच त्यात होतं. कोणती पदं ते दुसऱ्या दिवशी बस स्टॉपवर कळलं. त्यात रीडिंग स्पेशालिस्टचं, म्हणजे वाचनात अडणाऱ्या मुलांना छोट्या गटात शिकवणाऱ्या बाईंचं, पद होतं, आणि माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या घरी मराठी बोलतात. मुलगा पहिलीत गेला तेव्हा अक्षरं ओळखायचा, पण ती जोडून शब्द वाचायची वेळ आली की गप्प बसायचा. शाळेच्या कॉरिडॉरच्या टोकाला एक अर्धगोल टेबल आहे. बाई त्याच्या आतल्या बाजूला बसायच्या आणि चार मुलं समोर. मुलांना पुस्तकात एका वेळी एकच ओळ दिसावी म्हणून बाकीच्या पानावर कोरं कार्ड ठेवायचं, आणि ओळ वाचून झाली की कार्ड खाली सरकवायचं. एवढीच युक्ती, पण रोज पंचवीस मिनिटं, न कंटाळता. डिसेंबरात एकदा पाहिलं तर आमच्या ड्रॉवरमधली एक जुनी लग्नपत्रिका कापून मुलाने त्याची पट्टी केली होती. सोफ्यावर बसून ती पट्टी सरकवत तो वाचत होता, आपणहून. ते पद जाणार म्हटल्यावर मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

तोवर मला डिस्ट्रिक्ट म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं. न्यू जर्सीसारख्या छोट्या राज्यात जवळपास ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यातले कितीतरी आमच्यासारखे एका गावापुरते. आमच्याकडे किंडरगार्टन ते आठवी, चारशेच्या आत मुलं. नववीपासून मुलं शेजारच्या गावच्या हायस्कूलमध्ये जातात आणि दर मुलामागे आमचा डिस्ट्रिक्ट त्यांना फी भरतो. ती फी किती असावी यावर आमचा फारसा ताबा नाही. सुपरिंटेंडंट आणि मुख्याध्यापक एकच व्यक्ती. पैशांचा हिशोब पाहणारा बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आम्ही दुसऱ्या एका डिस्ट्रिक्टबरोबर वाटून घेतलेला. वर सात जणांचं निवडून आलेलं बोर्ड, मुदत तीन वर्षांची, मानधन शून्य. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी साडेसातला शाळेच्या लायब्ररीत बसणारी ही माणसं आहेत. त्यांच्याशी माझे मतभेद झाले, तरी ही गोष्ट मी विसरत नाही.

बाबांना फोन केला. ते साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षक होते. मी कायदा, मदत, कपात असं बरंच सांगत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पट किती?"

मला सांगता आलं नाही.

"आधी पट काढ. गेल्या पाच वर्षांचा. आमच्याकडे तीस सप्टेंबरच्या पटावर शिक्षक मंजूर होतात. तुमच्याकडेही कुठली तरी तारीख असेलच."

तारीख होती, १५ ऑक्टोबर. त्या दिवशी नावावर असलेली मुलं मोजून राज्याकडे आकडा जातो आणि मदतीचं गणित त्यावरून सुरू होतं. आमचा पट पाच वर्षांत हळूहळू घसरला होता. पण तेवढ्याने एवढी मदत कशी कमी झाली, हे समजायला मला दोन आठवडे लागले.

झालं असं होतं. २००८च्या कायद्यात एक सूत्र आहे. गावातल्या मालमत्तेची किंमत आणि लोकांचं उत्पन्न यावरून गाव स्वतः किती भार उचलू शकतं ते ठरवायचं आणि उरलेला भाग राज्याने द्यायचा. २०१८ साली नवा कायदा झाला. ज्यांना या सूत्रापेक्षा जास्त मदत मिळत होती त्यांची सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि ज्यांना कमी मिळत होती त्यांची वाढवायची असं त्यात होतं. २०२४-२५ हे त्यातलं शेवटचं वर्ष. त्यात कोविडनंतर घरांच्या किमती भराभर वाढल्या. घर विकलं नाही, पगार वाढला नाही, पण कागदावर आमचं गाव श्रीमंत झालं, आणि श्रीमंत गावाला मदत कमी.

मग कर वाढवा, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण २०१० साली झालेल्या कायद्याने शाळेसाठीचा कर वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. काही सवलती आहेत, नाहीतर लोकांचं मतदान घ्यावं लागतं. शिक्षकांच्या आरोग्य विम्याचा खर्च मात्र २ टक्के पाळत नाही. आणि प्रॉपर्टी टॅक्स आधीच कमी नाही. २०२३ मध्ये राज्यातलं सरासरी बिल ९,८०० डॉलरच्या आसपास होतं आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळांना जातो.

आता कागदपत्रं. इथे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे, सगळे त्याला ओप्रा म्हणतात, २००२ पासून लागू. आपल्या माहितीच्या अधिकारासारखाच. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरचा अर्ज भरून मी बजेटच्या तपशीलवार ओळी मागितल्या. सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बजेट, बिलं, करार असे कागद तर शक्यतो लगेच. मला चौथ्या दिवशी पीडीएफ मिळाली. कुणी कारण विचारलं नाही, नागरिक आहात का हेही विचारलं नाही. आपल्यातले कितीतरी जण "आपण व्हिसावर, आपलं कोण ऐकणार" म्हणून घरी बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागतं. बैठकीला जायला, बोलायला, कागद मागायला लागत नाही.

पीडीएफमध्ये मला शिल्लक रकमेची ओळ दिसली आणि वाटलं, सापडलं! पैसे आहेत आणि हे लोक शिक्षक काढतायत. मार्चच्या बैठकीत मी तावातावाने तेच बोलले. बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने शांतपणे समजावून सांगितलं. कायद्याने मोकळी शिल्लक बजेटच्या २ टक्के किंवा अडीच लाख डॉलर, यातली जी जास्त असेल तेवढीच ठेवता येते. आमच्याकडे तेवढीच होती, आणि जानेवारीत बॉयलर बंद पडला तेव्हा त्यातूनच खर्च झाला होता. ते बरोबर होते. मी घरी येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दुसऱ्यांदा वाचताना शाळेच्या निकालांकडे वळले. तिसरी ते आठवीच्या मुलांची दर वसंतात राज्याची परीक्षा होते, इंग्रजी आणि गणिताची. तेव्हा ६५० ते ८५० गुणांचं मोजमाप होतं, ७५० म्हणजे अपेक्षित पातळी. त्यावरून दर वर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल निघतो आणि घर घेणारे तो पाहून गाव निवडतात. आमच्या तिसरीचा इंग्रजीचा आकडा एका वर्षात चांगलाच वर गेला होता. बोर्डावरच्या एकांनी तोच दाखवून सांगितलं, बघा, मुलं चांगली वाचतायत, मग वेगळ्या शिक्षिकेची गरज काय?

पण वर्गात मुलंच बावीस. एक मूल म्हणजे साडेचार टक्के. चार मुलं इकडची तिकडे झाली की आकडा अठरा टक्क्यांनी हलतो. गट दहाच्या आत असेल तर मुलांची ओळख कळू नये म्हणून अहवालात आकडाच छापत नाहीत, नुसती चांदणी असते. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये टक्केवारी काहीतरी सांगते. आमच्यासारख्या ठिकाणी मुलंच मोजावी लागतात. मी सुपरिंटेंडंटना एकच प्रश्न लिहून पाठवला: त्या टेबलावर गेल्या तीन वर्षांत किती मुलं बसली आणि त्यातली किती वर्गाच्या पातळीला आली? नावं नकोत, फक्त संख्या. त्यांनी ती काढून दिली. बसलेल्यांपैकी बहुतेक मुलं दीड-दोन वर्षांत पातळीला आली होती. म्हणजे तिसरीचा आकडा वर गेला त्यात या टेबलाचा वाटा होता, आणि तोच आकडा टेबल काढायचं कारण म्हणून पुढे केला जात होता.

एप्रिलच्या शेवटी जाहीर सुनावणी. लायब्ररी गच्च भरलेली, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. एक आजोबा उठले. त्यांनी सांगितलं की घराची किंमत वाढली म्हणून त्यांचं पेन्शन वाढलेलं नाही, त्यांची मुलं याच शाळेत शिकली, पण दर वर्षी बिल भरताना त्यांना घर विकायचा विचार करावा लागतो. त्यांच्या म्हणण्यात चुकीचं काही नव्हतं.

मग एक पालक बोलले. खर्चाच्या यादीत बाहेरच्या विशेष शाळेच्या फीची ओळ होती. अशी एकेका मुलाची फी वर्षाला लाखभर डॉलरच्या घरात जाऊ शकते, आणि त्यातला काही भागच राज्य नंतर परत देतं. ते म्हणाले, एका मुलासाठी एवढे, आणि बाकीच्यांसाठी शिक्षक नाही? नाव घेतलं नाही. पण आमचं गाव एवढंसं, ते मूल कोण हे खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. त्याची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली.

माझी पाळी पुढचीच होती. तयार केलेला कागद बाजूला ठेवून मी आधी त्यावर बोलले. ते मूल कुणाचे पैसे घेत नाही. विशेष गरजा असलेल्या मुलाला त्याला योग्य असं मोफत शिक्षण द्यायचं, हा १९७५ पासून या देशाचा कायदा आहे. त्याच वेळी केंद्र सरकारने या जादा खर्चातला ४० टक्के वाटा उचलू म्हटलं होतं आणि तो आजवर कधीच पूर्ण उचललेला नाही. राग धरायचा तर त्यावर धरा. हे बोलण्यात माझा अर्ध्याहून जास्त वेळ गेला. उरलेल्या वेळात टेबलावरच्या मुलांची संख्या वाचून दाखवली आणि लग्नपत्रिकेची पट्टी वर धरली. बैठक संपल्यावर ती आई माझ्याजवळ आली. काही बोलली नाही, माझा हात घट्ट धरला.

त्या रात्री बजेट पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झालं आणि पद गेलं.

मे महिन्यात राज्याने कायदा करून कपात झालेल्या डिस्ट्रिक्टना गेलेल्या मदतीच्या ४५ टक्के रक्कम अनुदान म्हणून दिली. जूनच्या बैठकीत बोर्डाने त्यातून रीडिंग स्पेशालिस्टचं अर्धवेळ पद परत आणलं. सकाळपुरतं. टेबलावर आता चारऐवजी सहा मुलं बसतात. हे पुरेसं नाही, हे मी बोर्डालाही सांगितलं आहे.

एक गोष्ट मात्र आधीच कळायला हवी होती. एप्रिलच्या सुनावणीत बजेट ठरत नाही, तिथे ते वाचून दाखवतात. तात्पुरतं बजेट मार्चच्या मध्यालाच मंजूर होऊन काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सुपरिंटेंडंटकडे गेलेलं असतं. काय ठेवायचं, काय काढायचं ही खरी चर्चा डिसेंबर-जानेवारीत होते, आणि त्या बैठकांना तेव्हा प्रेक्षकांत बहुधा कुणी नसतं. आता आम्ही तिघी-चौघी आलटून पालटून दर बैठकीला जातो. पुढच्या डिसेंबरच्या बैठकीत ती तिसऱ्या रांगेतली आईही आमच्याबरोबर होती. मी वहीत पहिल्या ओळीत १५ ऑक्टोबरचा आकडा लिहून ठेवला होता. पट नऊने वाढला होता, आणि बाबांना मी तो रात्रीच कळवला.